बंदुकीवरचं कुंकू

माझा धंदा लोकांना झोपवण्याचा. लेस्टरच्या एका हॉस्पिटलात मी भूल देणारी डॉक्टर होते, आणि भूल देणाऱ्याला एक सवय लागते ती जन्मभर सुटत नाही. जे दिसलं ते तेव्हाच्या तेव्हा लिहून ठेवायचं. नाडी किती, रक्तदाब किती, औषध किती वाजता दिलं. नंतर आठवून लिहिलेलं मी कधी मानलं नाही, दुसऱ्याचंही नाही आणि स्वतःचंही नाही. ही हकीकत मात्र आठवूनच लिहिते आहे, कारण ती घडत होती तेव्हा लिहून ठेवायची मला लाज वाटली.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही लेस्टर आणि कॉव्हेंट्रीच्या मधल्या एका खेड्यात राहत होतो. माझं हॉस्पिटल लेस्टरला, नवऱ्याचा कारखाना कॉव्हेंट्रीला. मधोमध घर घेतलं म्हणजे दोघांनाही सारखाच त्रास, असा आमच्या संसारातला न्याय. गावात आमच्याखेरीज एकही भारतीय घर नव्हतं. कोथिंबीर आणि तूरडाळ आणायला शनिवारी बेलग्रेव्ह रोड गाठायचा, आणि परत येताना गाडीच्या काचा खाली करायच्या, म्हणजे हिंगाचा वास गावात शिरण्याआधी निघून जातो. निदान आमची तशी समजूत होती.

शेजारी एक म्हातारबुवा होते. अठ्ठ्याहत्तरच्या आसपासचे. शेती विकून झालेली, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. उरलं होतं ते घर, मागची भाज्यांची बाग आणि एक जुनी दुनळी बंदूक. ते मला 'डक' म्हणत. लेस्टरकडचे जुने लोक सगळ्यांनाच तसं म्हणतात, पोस्टमनला आणि बँकेच्या मॅनेजरलासुद्धा. माझी आई तेव्हा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. तिला मी या शब्दाचा अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, "बदक? असू दे. म्हशीपेक्षा बरं." आणि त्यांनी कुंपणावरून दिलेली लीकची जुडी उचलून तिने त्या भाजीचा कांद्याच्या पातीसारखा झुणका केला. वाटीभर त्यांनाही पाठवला. वाटी धुऊन परत आली, आत चार अंडी. तेव्हापासून त्या दोघांचं एकमेकांच्या भाषेवाचून उत्तम चाललं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी मिल्टन कीन्सला राहायची. चाळिशीची, कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. एक रविवार सोडून एक यायची, आणि गाडीतून उतरताना तिच्या गावातल्या राउंडअबाउट्सना, चौकाचौकातल्या त्या गोल वळशांना, शिव्या घालत उतरायची. अशाच एका रविवारी बापलेकींचं कुंपणापलीकडे जरा चढ्या आवाजात बोलणं चाललं होतं. मी गुलाब छाटत होते. म्हणजे ऐकत होते.

झालं होतं असं की कायदा बदलला होता. बंदूक घरात ठेवायची तर भिंतीत बोल्टने आवळलेलं पोलादी कपाट हवं. ते बघायला कॉन्स्टेबल येऊन गेला होता. म्हातारबुवांचे हात थरथरत, एका डोळ्यात मोतीबिंदू. लायसन्स पुन्हा काढायचं नाही, हे त्यांनीच ठरवलं. पण चालू लायसन्सची मुदत संपली की बंदूकही गेली. ती कुटुंबात राहायची तर मुलीने स्वतःच्या नावावर घ्यायला हवी, आणि मुलीला बंदुकीची शिसारी.

"माझ्या घरात गन? नो वे, डॅड," ती म्हणत होती. मग आवाज एकदम खाली आला. "एकाच अटीवर. आजोबांची ती पूनाची गोष्ट खरी असेल तर ठेवीन. नसेल तर देऊन टाक पोलिसांना. मोडीत काढतील."

पूना हा शब्द ऐकल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. कात्री हातात घेऊनच कुंपणाशी गेले आणि विचारलं, कुठली गोष्ट?

गोष्ट मुलीने सांगितली. तिचे आजोबा, म्हणजे म्हातारबुवांचे वडील, पहिल्या महायुद्धाआधी सैन्यात होते, हिंदुस्थानात. नालबंद. घोड्यांच्या टापा तासायच्या, नाल ठोकायचे. पुण्यातल्या एका सरदाराची लाडकी घोडी पाय टेकेनाशी झाली. सगळ्यांनी हात टेकले. आजोबा तीन दिवस तबेल्यातच राहिले, टाप कोरून आतला पू काढला, आणि चौथ्या दिवशी घोडी चालली. सरदाराने खूश होऊन स्वतःची बंदूक दिली. हीच ती.

"मी शोधून काढते," मी म्हटलं. "माझी आई पुण्याची आहे." जसं काही पुण्यातल्या सगळ्या सरदारांच्या बंदुकांची यादी माझ्या आईकडे होती.

"काही गरज नाही, डक," म्हातारबुवा म्हणाले.

इंग्रज माणूस नको म्हणाला तर ती भिडस्तपणाची रीत असते, पुन्हा विचारायचं असतं, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकले होते. कधीकधी त्याला खरंच नको असतं, हा पुढचा धडा शिकायचा राहून गेला होता.

पुढचे दोन महिने मी जी काही नसती उठाठेव केली तिचं मला आजही हसू येतं. म्हातारबुवांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बंदूक सुटी करून ठेवायची, आणि मी भिंग घेऊन वाकायचं. नळ्यांच्या पोटाशी, लाकूड काढल्यावरच दिसतात असे, बारीक बारीक शिक्के होते. लहानपणी नाण्यावर कागद धरून शिसपेन्सिल फिरवायचो तशी मी पेन्सिल फिरवली आणि ते उठवून घेतले. एक अंडाकृती, तिच्यात तीन अक्षरं, डोक्यावर मुकुट. आमच्या लायब्ररीयन बाईंनी कुठूनसा एक विटेएवढा जाड ग्रंथ मागवून दिला. त्यात कळलं की बंदूक विकण्याआधी तिच्यात मुद्दाम जास्तीची दारू भरून ती उडवून बघतात. फुटली नाही तर असा शिक्का मारतात. हे मला फार पटलं. आमच्याकडे माणसांना इतकं तपासून घेत नाहीत.

शिक्का बेल्जियमचा निघाला, लीएज गावचा. मी तिथे पत्र पाठवलं. उत्तर फ्रेंचमधून आलं. ते आमच्या थिएटरमधल्या मॉरिशसच्या नर्सने दोन ऑपरेशनांच्या मध्ये उभ्या उभ्या वाचून दाखवलं. शिक्का आमचाच आहे, अशा बंदुका इथून जगभर गेल्या, तुमची कुठे गेली ते सांगता येत नाही. मुकुटावरून एवढं मात्र समजलं की बंदूक आजोबांच्या सैन्यातल्या वर्षांपेक्षा थोडी जुनी होती. म्हणजे गोष्ट खोटी ठरत नव्हती आणि खरीही ठरत नव्हती.

मी धावत जाऊन म्हातारबुवांना सांगितलं, "इंग्लिश नाही, बेल्जियन आहे."

"हं, असेल," ते म्हणाले, आणि कांद्याचं बी निवडत राहिले. मला वाटलं, ऐकू कमी येत असेल.

शेवटचा उपाय म्हणून जवळच्या बाजारगावातल्या लिलावघराने ठेवलेला एक दिवस मी शोधून काढला. जुन्या वस्तू घेऊन या, जाणकार बघून सांगतील, फुकट. आधी फोटो पाठवायचे होते. कॅमेरा माझ्या नवऱ्याकडे. तेव्हा म्हातारबुवांनी एका रविवारी बंदूक आमच्याकडे आणायची ठरली.

आता इथे आमच्या दसऱ्याबद्दल सांगायला हवं. विलायतेत आमचा दसरा रविवारी येतो. पंचांगात तो मंगळवारी असो की गुरुवारी, ज्या रविवारी दोघांपैकी कुणाचीही ऑन-कॉल ड्यूटी नाही तो दसरा. आईला हे पहिल्या वर्षी फार लागलं होतं. आता तीच फोनवर विचारायची, "तुमचा कधी आहे?" त्या रविवारी तिने जेवणघराच्या खिडकीखाली पाट मांडला होता. पाटावर माझा स्टेथोस्कोप, नवऱ्याचा मायक्रोमीटर, दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या, शिवणाचं मशीन शेजारी जमिनीवर, आणि पाटीवर एकाच्या आकड्यांनी काढलेली सरस्वती. आपट्याच्या पानांच्या जागी कुंपणावरच्या कॉपर बीचची पानं. ती तांबूस असतात, आणि आईचं म्हणणं होतं की निदान रंग तरी सोन्याच्या जवळचा आहे.

म्हातारबुवा आले. बंदूक रिकामी आहे हे त्यांनी आम्हाला उघडून दाखवलं, वर्तमानपत्र पसरून तशीच टेबलावर ठेवली. नवऱ्याने फोटो काढले. मग आमच्या सफरचंदाच्या झाडाला काय झालंय ते बघायला दोघं मागे गेले. "लक्ष ठेव," जाताना ते मला म्हणाले. कायद्याने त्यांना बंदूक सोडून जाता येत नव्हतं, पण झाड खिडकीतून दिसत होतं आणि जेमतेम दहा मिनिटांचा प्रश्न होता. मी लक्ष ठेवलं. फक्त पुऱ्या जळू नयेत म्हणून ते मी स्वयंपाकघरातून ठेवलं.

मी जेवणघरात परत आले तेव्हा आई बंदुकीवर अक्षता टाकत होती. दोन्ही नळ्यांवर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. दस्त्याच्या मुठीशी बारीक चौकड्यांची नक्षी असते, तिच्यावर ओलं कुंकू चांगलं थापलेलं. वर एक झेंडू.

"आई, हे काय केलंस?"

"काय केलं? दसऱ्याच्या दिवशी शस्त्र आपण होऊन घरी आलं. त्याला तसंच परत पाठवायचं?"

"अगं, ते लोकांचं आहे. अँटीक आहे. एक्स्पर्टला दाखवायचंय."

"मग दाखव की," आई म्हणाली. "आता कुठे जरा चांगली दिसतेय."

मी किचन रोल घेऊन तुटून पडले. नळ्या पुसल्या गेल्या. लाकूड काही ऐकेना. जितकं पुसावं तितकं कुंकू त्या चौकड्यांत खोल जायचं. तेवढ्यात मागच्या दाराशी बूट वाजले. मी झेंडू ॲप्रनच्या खिशात टाकला आणि चेहरा ऑपरेशन थिएटरमधला करून उभी राहिले. आईने पुढे होऊन म्हातारबुवांच्या हातावर बीचचं पान ठेवलं. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." मी भाषांतर केलं. त्यांनी टोपी काढली, पान कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. मग बंदूक उचलली. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तिच्याकडे बघितलं, मिटली, कॅनव्हासच्या खोळीत सरकवली आणि श्रीखंड-पुरी खायला बसले. कुणाला मोतीबिंदू असल्याचा मला आयुष्यात एकदाच आनंद झाला आहे, तो त्या वेळी.

मी सांगितलं नाही. सांगणार होते. पण ते दर रविवारी बंदूक साफ करत हे मला ठाऊक होतं, लिलावघरापर्यंत अजून दोन रविवार होते, आणि त्यात उरलंसुरलं निघून जाईल असा हिशेब मी केला. पेशंटच्या बाबतीत असा हिशेब कुणी केला असता तर मी त्याला सोलून काढलं असतं.

लिलावघराच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. बंदूक म्हातारबुवांच्या मांडीवर, मुलगी मागे, गाडी मी चालवत. हॉलमध्ये रांग होती. घड्याळं, चिनी मातीचे कुत्रे, कुणाच्या काकूंची चित्रं. बंदुकांच्या टेबलामागे बो-टाय लावलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी बंदूक उलटसुलट केली आणि आम्हाला दोन महिने लागले ते दोन मिनिटांत सांगितलं. बेल्जियन, लीएज, साधा माल, अशा हजारो बनल्या. भारतात गेल्या, आफ्रिकेत गेल्या, आणि इथल्या लोखंडी सामानाच्या दुकानांतही विकल्या गेल्या.

"म्हणजे कुणीही कुठेही घेतलेली असू शकते," मुलगी म्हणाली.

"अगदी."

तिने ओठ आवळले. वडिलांकडे न बघता ती खोळीची चेन उघडायला लागली. मला तिच्यापेक्षा म्हातारबुवांकडे बघवेना. पोलीस ठाण्याच्या मागे ती बंदूक पत्र्यासारखी चेपली जाणार, आणि तिच्याबरोबर तो नालबंद, तो तबेला, तो सरदार, सगळंच मोडीत निघणार, हे मला दिसत होतं. त्या गृहस्थांनी परत द्यायच्या आधी सवयीने बंदूक एकदा उघडली. हिरव्या कापडावर तांदळाचा एक दाणा पडला.

त्यांनी दाण्याकडे बघितलं. मग भिंग डोळ्याला लावून दस्त्याची मूठ बघितली. नखाने जरासं खरवडून नाकाशी नेलं. "आजोबा कुठे होते म्हणालात?"

"पूना," मुलगी म्हणाली.

मग त्यांचा आवाजच बदलला. तरुणपणी आपण हिंदुस्थानात होतो, ते म्हणाले. तिथे वर्षातून एकदा हत्यारांची पूजा करतात, आपण स्वतः बघितली आहे. शेंदरासारखी लाल पूड, हळद आणि तांदूळ. ही बंदूक हिंदू घरात राहिलेली आहे आणि तिची पूजा झालेली आहे, याबद्दल आपल्याला काडीची शंका नाही. रांगेतली माणसं घड्याळं आणि कुत्रे घेऊन जवळ सरकली. एक बाई म्हणाल्या, हाऊ लव्हली.

त्यांचा शब्द न् शब्द खरा होता. बंदूक हिंदू घरात राहिली होती, दहा मिनिटं. तांदूळ बेलग्रेव्ह रोडवरचा बासमती होता. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मुलीकडे लक्ष गेलं. मिल्टन कीन्समध्ये वीस माणसांना कामाला लावणारी ती बाई रुमाल शोधत होती. "आजोबा खरंच बोलत होते," ती म्हणाली. मी म्हातारबुवांकडे बघितलं. ते छताला टांगलेला दिवा मोठ्या आस्थेने न्याहाळत होते. मी तोंड मिटलं.

परतीच्या वाटेवर कपाट कुठे बसवायचं हे ठरलंसुद्धा. जिन्याखाली.

मंगळवारी दुपारी ड्यूटी संपवून मी शंकरपाळ्यांचा डबा घेतला आणि शेजारी गेले. दोन रात्री मला झोप नव्हती. लोकांना झोपवणाऱ्या बाईला हे शोभत नाही. ते स्वयंपाकघरात बी पाकिटांत भरत बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. पाट, पुऱ्या, आई, किचन रोल, झेंडू.

"ठाऊक आहे, डक," ते म्हणाले. "बस."

मी बसले.

"चाळीस वर्षं मी ती बंदूक दर रविवारी साफ करतोय. तिच्यात तांदूळ नव्हता."

"मग मधल्या दोन रविवारी का साफ केली नाहीत?"

"तुझ्या आईने मनापासून लावलं होतं," ते म्हणाले. "पुसायला बरं वाटेना."

आणि मग, पाकिटांवर भाज्यांची नावं लिहीत लिहीत, त्यांनी मला खरं काय ते सांगितलं. बंदूक त्यांनी स्वतः घेतली होती, दुसऱ्या महायुद्धानंतर, जवळच्याच एका शेताच्या विक्रीत, नांगर आणि दोन शिड्यांबरोबर. वडिलांचा तिच्याशी काही संबंध नव्हता. वडील पुण्यात नालबंद होते एवढं खरं. तिथून ताप घेऊन आले, मग फ्रान्समधल्या लढाईतून खराब छाती घेऊन आले, आणि पुढे जन्मभर कोपऱ्यातल्या खुर्चीत खोकत बसले. दिवसाला दहा शब्द बोलायचे. पाच वर्षांच्या नातीला त्यांची भीती वाटायची. ते ज्या खोलीत असतील तिथे ती जेवायची नाही, ताटली घेऊन जिन्यावर जाऊन बसायची. आणि ते त्यांना दिसायचं.

"एकदा मी बंदूक साफ करत होतो, पोरगी शेजारी होती. म्हटलं, ही बंदूक कुणी दिली माहितीये? तुझ्या आजोबांना एका राजाने दिली. आजारी घोडी बरी केली म्हणून. तेवढंच म्हणालो मी. घोडी, राजा, बंदूक. सुचेल ते."

दुसऱ्या दिवशी पोरगी ताटली घेऊन थेट खुर्चीपाशी गेली. घोडीला फार दुखत होतं का, तिने विचारलं. म्हातारबुवा स्वतः दाराआड उभे. आता वडील पोरीसमोर आपल्याला खोटं पाडणार, म्हणून अंग चोरून.

"बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, राखी होती. एक कान पांढरा."

त्यांनी पुढचं पाकीट उचललं.

"मी कानाबद्दल काही बोललो नव्हतो, डक. तो त्यांनी आणला. तबेलाही त्यांनीच आणला, तीन दिवस, पू, सरदाराच्या नोकराने आणलेला चहा, सगळं. रोज संध्याकाळी थोडं थोडं. माझ्याशी जन्मात बोलले नव्हते इतकं तिच्याशी बोलले. सहा वर्षं. मग गेले." त्यांनी पाकीट चिकटवलं. "खरंच तशी घोडी होती का, ते मी कधी विचारलं नाही. माझीच गोष्ट होती, कसं विचारणार?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ते म्हणाले, त्या बो-टायवाल्याने तांदूळ बघितला तेव्हा मनात वडिलांना म्हटलं, घ्या बाबा, तुमच्या बाजूने साक्षीदार आला. मग शंकरपाळ्यांचा डबा पुढे ओढून म्हणाले, "तुला खरं लिहून ठेवायची सवय आहे. मी गेल्यावर तिला सांगायचं की नाही ते तू ठरव. मला जमणार नाही."

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती भरतासाठी वांगी भाजत होती.

"घोडी होतीच," ती म्हणाली.

"कशावरून?"

"पांढरा कान कुणी मनाने सांगत नाही."

बंदूक मिल्टन कीन्सला गेली. मुलीने लायसन्स काढलं, कपाट बसवलं, आणि एकही गोळी न उडवता दर महिन्याला वडिलांना फोन करून तेल कुठलं लावायचं ते विचारत राहिली. म्हातारबुवा त्यानंतर पाच वर्षं होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, भूल मीच दिली, आणि पुढचे पाच उन्हाळे त्यांनी माझ्या गुलाबांची छाटणी किती वाईट असते ते स्पष्ट दिसल्याचं सांगण्यात घालवले. एका मार्चमध्ये, लीक काढून झाल्यावर, ते शांतपणे गेले. आईला तोवर प्रवास झेपेनासा झाला होता. तिने पुण्याहून फोनवर विचारलं, "आणि पोरीला सांगितलंस का?" मी म्हटलं, सांगणार आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मुलीचा फोन आला. "तुमचा दसरा या वर्षी कधी आहे?" तिने विचारलं. "येशील का एका रविवारी? आणि ती लाल पावडर आणशील?"

एम-वन मोटरवेवर मी सगळं वाक्यावाक्याने पाठ करत गेले. बाई शहाणी आहे, प्रौढ आहे, तिला खरं कळायला हवं, आणि मीच सांगायला हवं. मिल्टन कीन्समध्ये शिरल्यावर तीन राउंडअबाउट्सना चुकीच्या फाट्याने बाहेर पडले, तरी पाठांतर मोडलं नाही.

तिने जिन्याखालचं कपाट उघडलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, बंदूक उघडून रिकामी आहे ते दाखवलं आणि ठेवली, अगदी वडील ठेवत तशी. खोळीच्या खिशात हे सापडलं, म्हणून एक पान माझ्यापुढे धरलं. वाळून पापड झालेलं, कॉपर बीचचं. मग मुठीवरून बोट फिरवलं. "लाल रंग जवळजवळ गेलाय. डॅड म्हणायचा की तुमच्यात हे दर वर्षी नव्याने लावतात. मला नीट येत नाही. चालतं ना, असं कुणाला लावायला सांगितलं तर?"

चालतं, मी म्हटलं. कुंकवाची डबी काढली, वाटीत पाणी घेतलं. आता सांगायचंच होतं, आणि सुरुवात घोडीपासून करावी असं ठरवलं होतं. म्हणून म्हटलं, "त्याआधी एक सांग. त्या घोडीबद्दल तुझे आजोबा काय सांगायचे?"

ती खुर्ची ओढून बसली. दोन्ही कोपरं टेबलावर टेकली, हनुवटी हातांत घेतली.

"राखी होती," ती म्हणाली. "एक कान पांढरा."

मी कुंकवात बोट बुडवलं.